गाडीचा उंबरा

मैत्रिणींनो, बायकांच्या साप्ताहिकात स्पोर्ट्स कारची गोष्ट कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण शेवटपर्यंत वाचा. गोष्ट गाडीची असली तरी मुद्दा आपल्याच घरातला आहे.

लग्नानंतर मी इंग्लंडला, लेस्टरला आले. इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. उरलेला वेळ घर आणि लेक. ह्यांना कॉलेजपासून एकच वेड, टप उघडणारी गाडी! २०१९ साली ह्यांनी १९९५ सालची माझदा एमएक्स-५ विकत घेतली. इवलीशी गाडी, पुढचे दिवे बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. आम्ही माणसं तीन आणि गाडीत जागा दोन, हे मी तेव्हाच बोलून दाखवलं!

मग दर रविवारी अंगणात पाने-पक्कड. ऑइल, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड हे सगळं हे स्वतः शिकले, त्याचं मला कौतुकच होतं. पण मागोमाग नवी चाकं आली, लाकडी स्टिअरिंग आलं, रेडिओ आला. गाडी नवरीसारखी नटली.

इथे तीन वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांची दर वर्षी सरकारी नियमांप्रमाणे तपासणी होते. तिला एमओटी म्हणतात. २०२२ च्या ऑक्टोबरात आमची गाडी नापास झाली. दाराखालची जी लांब पोकळ पट्टी असते, म्हणजे गाडीचा उंबराच म्हणा ना, ती दोन्ही बाजूंनी आतून गंजली होती. सीटबेल्ट जिथे पक्का केलेला असतो त्याच्या तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा असा कुजला, तर गाडी पास होत नाही. कापून नवा पत्रा सलग वेल्डिंग करून बसवायचा. खर्च नऊशे पौंड!

कारण काय, तर कचरा. कापडी टपावरचं पाणी सीटांच्या मागे दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून नळीवाटे खाली जातं. तिथे पानं आणि माती साचली की पाणी तुंबतं आणि उंबऱ्यात उतरतं. वरून रंग झकास, आतून चाळण.

मी खूप चिडले. बाबांच्या साठीशांतीला तिघांनी साताऱ्याला जायचं म्हणून पैसे साठवले होते, त्यातच हात घालावा लागला. लेक आणि मी गेलो, हे मागे राहिले. होमाला बसलेल्या बाबांनी दोनदा विचारलं, “जावईबापू नाही आले?” मी कामाचं निमित्त सांगितलं.

पण खरं सांगू? सीटमागचा गालिचा ओला आहे, त्याला कुबट वास येतो, हे मला पहिल्याच पावसाळी थंडीत कळलं होतं. ‘गाडी त्यांची, मी कशाला बोलू’ म्हणून मी खाली वर्तमानपत्रं घालून गप्प बसले. परत आल्यावर ह्यांना तसं सांगितलं. हे म्हणाले, “अगं, वास मलाही येत होता. पण चाकांवर इतका खर्च केल्यावर तुला कुठल्या तोंडानं सांगणार?” म्हणजे ओल दोघांनाही ठाऊक, आणि दोघंही गप्प!

वेल्डिंग कारागिराकडूनच करून घेतलं. बाकीचं आम्ही दोघांनी केलं. सीटा काढल्या, गालिचा वाळवला, उंबऱ्याच्या पोकळीत गंज रोखणाऱ्या मेणाचा फवारा मारला. भोकं साफ करायला ह्यांनी जाड तार आणली होती. मी म्हटलं, “थांबा, नळी फाटेल.” पडद्याची प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली स्प्रिंग हळूच फिरवत घातली. केवढा चिखल निघाला! मग तांब्याभर पाणी ओतलं. ते मागच्या चाकापुढे जमिनीवर पडलं, तेव्हा बरं वाटलं. आता पानगळ संपली की एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडी एकदा, हे काम माझं.

तुमच्याकडे अशी गाडी नसेल. पण गच्चीची पन्हळ आहे, मोरीची जाळी आहे. नवे पडदे घेण्याआधी पाणी जातं कुठे ते बघा. आणि ओलीचा वास आला, तर त्याच दिवशी बोला.