फायरवाल्याला भीती पाण्याची!

इमारतीत स्प्रिंकलर बसवणाऱ्या माणसाला आगीपेक्षा पाण्याची धास्ती जास्त असते, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं! मी विम्यातली कोणी नाही, फायर फायटिंगमधली तर नाहीच नाही. घरच्या मेडिक्लेमचं पाकीट आलं की मी ते न फोडता ड्रॉवरमध्ये टाकते! पण माझ्या भाच्यानं भोसरीकडे स्प्रिंकलर-हायड्रंटची कामं घ्यायला सुरुवात केली, एका बिल्डरनं ‘वर्क ऑर्डरला विम्याची प्रत जोडा’ म्हणून कळवलं, भाचा म्हणाला, “मावशी, तुला वाचायची सवय आहे, जरा बघ ना,” आणि मग मी बघायला बसले, आणि मग एका पॉलिसीतून दुसरी निघाली, आणि मग जेवायचंच राहिलं! या, तुम्हीही बसा शेजारी. हे एकटीला पेलवत नाहीये!

आधी तो स्प्रिंकलर बघा. एवढासा! मधोमध काचेची बारीक नळी, आत लाल द्रव आणि एक इवलासा बुडबुडा. अहो, बुडबुडासुद्धा मुद्दाम ठेवलेला! तापमान ६८ अंशांवर गेलं की द्रव फुगतो, नळी फुटते आणि पाणी सुटतं. आणि सिनेमात दाखवतात तसे सगळे एकदम सुरू होत नाहीत; ज्याच्याखाली आग, तोच फुटतो. नेहमीच्या वापरातला एक स्प्रिंकलर एक बार दाबाला मिनिटाला ८० लीटर पाणी सोडतो. तासाला ४,८०० लीटर! एकटा!

आता समजा, आग नाहीच. हेल्पर शिडी नेत होता, शिडीचं टोक नळीला लागलं, रविवार होता, व्हॉल्व्हच्या खोलीची किल्ली सापडेना, आणि मग पाणी खालच्या मजल्यावर, आणि मग त्या खालच्या मजल्यावर, आणि मग कुणाच्या तरी सर्व्हर रूममध्ये! भरपाई कोण देणार?

मला वाटलं, इमारतीचा फायर विमा आहेच की! काढला वाचायला. नेहमीच्या ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ पॉलिसीत स्प्रिंकलरच्या गळतीचं कलम चक्क आहे. मी टाळीच वाजवली! आणि मग खालची ओळ वाचली. इमारतीची दुरुस्ती, किंवा स्प्रिंकलरची दुरुस्ती, काढणं, वाढवणं यामुळे झालेली गळती वगळली आहे. म्हणजे फायरवाला कामाला आला की नेमकं तेच कलम रजेवर! आणि दुसऱ्या एखाद्या कलमाखाली विमा कंपनीनं मालकाला पैसे दिलेच, तरी ती मालकाच्या जागी उभी राहून, ज्याच्या हलगर्जीनं नुकसान झालं त्याच्याकडे वसुलीला येऊ शकते. याला सब्रोगेशन म्हणतात. तोपर्यंत मला हा शब्द दातांच्या दवाखान्यातला वाटत होता!

तर फायरवाल्याला स्वतःचा विमा हवा. एक नव्हे, माळच! काम चालू असताना पाइप, पंप, पॅनेल यांच्यासाठी ‘इरेक्शन ऑल रिस्क’. त्यात दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग असतो, पण शेजारची आधीपासूनची मालमत्ता धरली आहे का, हे विचारून घ्यावं लागतं. काम हातात दिलं की ही पॉलिसी साधारण संपते. नंतरच्या देखभालीच्या काळासाठी जादा कव्हर मागावं लागतं. शिडीवरच्या फिटर-वेल्डरसाठी कामगार भरपाईचा विमा. ती जबाबदारी कायद्यात पार १९२३ पासून आहे! वेल्डिंगची ठिणगी उडून आग लागली तर पब्लिक लायबिलिटी. हो, आग विझवायची लाइन टाकताना आग! म्हणून वेल्डिंगबद्दल काही अटी घातल्या आहेत का, तेही बघायचं. या पॉलिसीत दोन आकडे असतात, एका अपघाताची मर्यादा आणि अख्ख्या वर्षाची. मी मोठाच वाचून खूश झाले होते!

थांबा, उठू नका, खरी गंमत पुढेच! स्प्रिंकलर नको तेव्हा सुटला तर लायबिलिटी पॉलिसी धावून येईल. पण आग लागली आणि स्प्रिंकलर सुटलाच नाही तर? अनेक पॉलिसींत ‘वस्तूनं तिचं ठरलेलं काम केलं नाही’ म्हणून झालेलं नुकसान सरळ वगळलेलं असतं. अहो, पण या धंद्याचं सगळं कामच ते! त्यासाठी कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. आणि डिझाइन चुकलं किंवा तपासणीत काही सुटलं, तर ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’. आपल्याकडे तर २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सी दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी देते, यंत्रणा चालू स्थितीत आहे म्हणून. दरवेळी सही! भाचा भराभर सह्या करतो, आणि मला आता त्याच्या पेनाचीच भीती वाटते!

आणखी एकच, मग सोडते तुम्हाला! इन्डेम्निटीसारख्या पॉलिसीत काम कधी केलं याच्याइतकंच दावा कधी आला हेही महत्त्वाचं. २०१९ मध्ये बसवलेल्या लाइनबद्दल आज नोटीस आली, तर पॉलिसी आज चालू हवी, आणि तिच्यावरची ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह’ तारीख त्या कामाच्या आधीची हवी. थोडा प्रीमियम वाचतो म्हणून कंपनी बदलली आणि ही तारीख पुढे सरकली, की आधीची सगळी कामं उघड्यावर!

तेव्हा तुमच्या ओळखीत कोणी फायरवाला असेल तर त्याला आजच गाठा. प्रीमियमचा आकडा हातानं झाकायला लावा आणि आधी वगळलेल्या गोष्टींचं पान उघडायला लावा. एजंट कंपनीच्या बाजूचा, ब्रोकर ग्राहकाच्या बाजूचा. जो समोर असेल त्याला तीन प्रश्न लेखी विचारायला सांगा. काम चालू असताना पाणी सुटलं तर? आग लागली आणि यंत्रणा चाललीच नाही तर? जुन्या कामावर आज दावा आला तर? उत्तरंही लेखीच घ्यायची. ‘साहेब, सगळं कव्हर आहे’ या तोंडी वाक्याला क्लेमच्या दिवशी कवडीची किंमत नसते!