माणकाच्या रंगाचा माग

हमिंगबर्ड हा पक्षी फक्त अमेरिका खंडांतच आढळतो, आणि संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागात त्याची एकच जात वीण करते: नराच्या गळ्यावर माणकाची लाली असलेली, जेमतेम तीन ग्रॅम वजनाची रूबी-थ्रोटेड. आपल्याकडचा शिंजीर दिसायला त्याच्या जवळचा वाटला, तरी तो बहुधा फांदीवर बसून मध पितो. हमिंगबर्ड मात्र फुलासमोर हवेतच स्थिर राहतो, कारण त्याचे पंख सेकंदाला सुमारे ५० वेळा हलतात. परिणामी सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता शटर उघडला, तरी तेवढ्यात पंखाने एका फेरीचा विसावा भाग कापलेला असतो आणि छायाचित्रात त्याचा नुसता धूसर पट्टा उरतो.

डेलावेअरमधील आपल्या बागेत हमिंगबर्डची छायाचित्रे टिपताना क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांना हीच अडचण होती. १९४८ ते १९६२ या काळात ड्यूपाँट कंपनीचे अध्यक्ष असलेले हे रसायन अभियंते या छंदाकडे प्रयोगशाळेच्याच शिस्तीने पाहत. एमआयटीतील हॅरल्ड एजर्टन यांनी विकसित केलेला अतिवेगवान फ्लॅश त्यांच्या उपयोगी पडला. त्यात कपॅसिटर या घटकात साठवलेली वीज वायूने भरलेल्या नळीतून एकदम सोडली जाते आणि सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी काळ प्रखर प्रकाश पडतो. चित्र उमटते ते त्या प्रकाशात, म्हणून पंखाचे पीसन्‌पीस सुटे दिसते. पण ऊन त्यापुढे फिके पडून पार्श्वभूमी काळीठिक्कर होते, आणि बाग बागेसारखी दिसावी यासाठी मागे रंगवलेला पडदा उभा करावा लागतो.

त्यांच्या कामाचा खरा मोठेपणा मात्र याच्या पुढचा आहे. प्रकाशाचा कोन बदलताच नराचा लाल गळा काळा पडतो, हे कोणत्याही छायाचित्रकाराला छळणारे कोडे. ग्रीनवॉल्ट यांनी त्याचे उत्तर पिसांच्या रचनेत शोधले. पिसाच्या सूक्ष्म तंतूंत हवेचे बुडबुडे असलेल्या चकत्यांचे थर असतात, आणि त्यांच्या वेगवेगळ्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशतरंग एकमेकांना बळ देतात किंवा खोडतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. साबणाच्या फुग्यावरचे रंगही याच न्यायाने उमटतात. याविषयीचा त्यांचा शोधनिबंध १९६० सालचा, आणि ‘हमिंगबर्ड्‌स’ हा छायाचित्रांचा ग्रंथही त्याच वर्षीचा. एकाच माणसाने पक्ष्याचे रूप टिपावे आणि त्या रूपाचे कारणही उलगडावे, असा योग दुर्मिळच. पुढे १९६८ साली पक्ष्यांच्या गाण्यावरील ग्रंथात त्यांनी दाखवले, की पक्षी आपल्या स्वरयंत्राच्या दोन बाजूंनी एकाच वेळी दोन स्वतंत्र स्वर काढू शकतो.