दम लागतो, ते रक्त कमी म्हणूनच असतं का?

कापूस वेचताना दोन ओळी झाल्या की माझा जीव घाबरा व्हायचा. रात्री उताणं निजलं की श्वास कोंडायचा, म्हणून उशाला दोन गोधड्या लागत. गावात कुणी रक्त कमी म्हणे, कुणी दमा. एका दवाखान्यात तर सलाइन लावून ‘बाई विचार फार करते’ असं सांगून घरी पाठवलं. शेतकऱ्याच्या घरात विचार कुणाला नसतात हो?

शेवटी भावानं छत्रपती संभाजीनगरला घाटीत नेलं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचं, पण रिक्षावाल्याला ‘घाटी’ एवढंच पुरतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि विचारलं, “लहानपणी घसा दुखून ताप यायचा? गुडघे, घोटे सुजायचे?” यायचा की! आई एरंडाची पानं शेकून बांधायची, सूज उतरायची, सगळे विसरायचे. पण घशातल्या जंतूंशी झुंजता झुंजता शरीर आपल्याच हृदयाच्या झडपेवर उलटतं आणि ती आखडत जाते, हे एकोच्या तपासणीनंतर बाईंनी समजावलं. आखडलेली झडप फुग्यानं उघडतात, नाहीतर बदलतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अशी ऑपरेशनं बसतात, शिधापत्रिका जवळ ठेवा.

मला सध्या गोळ्या आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे. घरातली सून गरोदरपणी फारच धापा टाकत असेल, तर तिचंही हृदय तपासून घ्या. हा आजार पुष्कळदा तेव्हाच उघडा पडतो.

इंजेक्शनची तारीख मी दुधाच्या हिशेबाशेजारी भिंतीवर लिहिते. पुढची नेमकी पोळ्याच्या दिवशी आलीय. पुरणाचं जाऊबाई बघतील.