आवरती मूठ

रात्रपाळी संपली की कंपनीची बस चाकणहून मला मोशीला आणून सोडते, तेव्हा नुकतं उजाडलेलं असतं. घरात शिरलो की चहाच्या आधी गॅलरीतलं मातीचं परळ. कालचं पाणी कुंडीत ओतायचं, आतला बुळबुळीत थर काथ्याने घासून काढायचा आणि दोन बोटं ताजं पाणी भरायचं. त्याहून खोल नको, चिमणीचे पाय टेकले पाहिजेत. रोज बदललं नाही तर डासांच्या अळ्या होतात. मग पडद्याआड उभं राहायचं. लालबुड्या बुलबुल आधी काठावर बसतो, तुरा उभारून इकडेतिकडे बघतो, चोच बुडवतो आणि घोट उतरवायला मान वर करतो. तहान भागली की पाण्यातच पोट टेकून पंख फडफडवतो. अर्धं पाणी बाहेर! मी पुन्हा भरतो.

पहिल्या वर्षी माझी मूठ फार सैल होती. उरलेला भात, शेव, शिळा पाव, सगळं कठड्यावर. पुण्य केल्यासारखं वाटायचं. महिन्याभरात चिमण्या दिसेनाशा झाल्या आणि कबुतरं कठडा अडवून बसली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दमा. त्यांच्या खिडकीवर विष्ठेचे थर साचले, वाळून त्याची धूळ उडू लागली. एकदा ते जिना चढून वर आले. ओरडले नाहीत. “बाळा, दाणे तू टाकतोस, पण खिडकी मला लावून घ्यावी लागते,” एवढंच म्हणाले. 2025 च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकल्याची बातमी वाचताना मला त्यांची धाप ऐकू येत होती. श्रद्धेने दाणे टाकणाऱ्यांची तगमगही कळत होती, कारण मीही त्यांच्यातलाच होतो.

आता ऋतू बघून हात पुढे करतो. वैशाखात कारखान्यांचे पत्रे तापतात, तेव्हा दाण्यापेक्षा पाणी मोठं. पावसाळ्यात दाणे बंदच, कारण ओल्या दाण्याला बुरशी धरते. शिवाय चिमणी स्वतः दाणे टिपत असली तरी पिलांना अळ्या-किडेच भरवते. म्हणून कढीपत्त्यावर अळी दिसली तरी फवारा मारत नाही. पानं जातात, जाऊ देत.

दिवाळीनंतर मावळातून मामा भाताच्या लोंब्यांची जुडी पाठवतो. वाण इंद्रायणी, वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिलेला. त्याच नावाची नदी आमच्या मोशीच्या कडेने वाहते आणि पुढे आळंदीत तिच्यावर पांढरा फेस तरंगताना पाहून पोटात तुटतं. मामाच्या दारावर अजून लोंब्यांचं तोरण असतं, येईल त्या पाखराचा वाटा धरून. मी जुडी छताच्या हुकाला टांगतो. कबुतराला तिथे बसायला जागा सापडत नाही, चिमणीला मात्र लोंबकळता येतं.

यंदा त्या जुडीवर ठिपकेवाल्या मनोल्या आल्या. चार होत्या. एक उलटी लटकून लोंबीतला एकेक दाणा ओढत होती, चोचीत फिरवून सोलत होती. टरफल गिरक्या घेत परळातल्या पाण्यावर उतरलं. तेवढ्यात खाली आजोबांच्या खिडकीची कडी वाजली आणि दोन्ही तावदानं सताड उघडली.