शाफ्टच्या पोटातली भेग

सध्या माझ्या तोंडी दुसरा विषय नाही. जेवताना एनडीटी, पारावर एनडीटी. बायकोने परवा चक्क हात जोडले. पण काय करू? एनडीटी म्हणजे नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग. लोखंड न कापता, न फोडता त्याच्या पोटातली भेग शोधून काढतात, आणि तीही अमेरिकेत नव्हे, आपल्या नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत! सोनईला कारखाना, भेंड्याला कारखाना, घोडेगावातून उसाच्या गाड्या जाताना बघतच आम्ही मोठे झालो. तरी हंगाम संपल्यावर आत काय चालतं, याची कधी चौकशीच केली नाही.

ओळखीच्या एका फिटरमामांनी पावसाळ्याच्या तोंडाला जिल्ह्यातल्या एका कारखान्यात नेलं. मिल उघडून ठेवलेली. पोलादी शाफ्टवर ओतीव लोखंडाचं कवच घट्ट बसवलेले, कित्येक टन वजनाचे रोलर. हंगामात हा शाफ्ट फिरताना प्रत्येक फेरीत ताणला जातो आणि दाबला जातो, वर उसाच्या आंबट रसाचा मारा. असं महिनोन्‌महिने चाललं की कवचाच्या कडेपाशी, नाहीतर जिथे शाफ्टची जाडी बदलते तिथे, केसाहून बारीक भेग धरते. ती वाढत राहते आणि ऐन गळितात शाफ्ट तुटतो. मिल उभी, बाहेर ट्रॅक्टरांची रांग, तोडलेला ऊस वाळतोय. शेतकऱ्याला यापुढचं सांगायला नको.

आधी डीपी टेस्ट बघितली. भाग स्वच्छ पुसायचा, त्यावर लालभडक पातळ द्रव फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. भेग असेल तर द्रव आपोआप आत शिरतो. मग वरचा लाल रंग फडक्याने पुसून टाकायचा आणि पांढरी पावडर फवारायची. पावडर आतला रंग शोषून घेते आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते! मी ओरडलोच. मामा म्हणाले, "अहो भाऊ, हळू. हा नुसता तुकडा आहे, मुद्दाम भेगेचा ठेवलाय, दाखवायला." ही युक्ती तशी जुनीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेच्या कारखान्यांत आगगाडीच्या भागांना तेल लावून, ते पुसून वर खडू फासत, आणि भेगेतलं तेल खडूवर डाग पाडी.

चुंबकाची पद्धतही गंमतशीर. भाग चुंबकित करून वर लोखंडाची बारीक भुकटी टाकली की ती नेमकी भेगेवर गोळा होते. मात्र चुंबकरेषा भेगेला आडव्या जायला हव्यात, म्हणून चुंबक एकदा उभा, एकदा आडवा धरतात.

पण या दोन्ही पद्धती वरवरच्या. कवचाखाली दडलेल्या भेगेचं काय? तिथे आलं अल्ट्रासोनिक, आणि मी खरोखर वेडा झालो. तंत्रज्ञ पोरगा विशी-पंचविशीतला. त्याने शाफ्टच्या टोकाला ग्रीस फासलं, कारण मध्ये हवा राहिली तर आवाज लोखंडात शिरतच नाही. मग डबीएवढा प्रोब टेकवला. सेकंदाला वीस लाख कंपनं असलेला आवाज! आपल्या कानांची मजल वीस हजारांपर्यंत. हा आवाज पोलादातून सेकंदाला सुमारे 5,900 मीटर वेगाने धावतो. हवेतल्या वेगाच्या सतरा पट. तीन मीटरचा शाफ्ट धरा. पलीकडच्या टोकाला आपटून परत यायला सेकंदाचा हजारावा भाग! वाटेत भेग लागली की प्रतिध्वनी आधीच परततो आणि पडद्यावर उंचवटा दिसतो. किती आधी आला, त्यावरून अंतर कळतं.

पडद्यावर उंचवटा दिसला की मला वाटायचं, सापडली! पोरगा हसायचा. शाफ्टची जाडी बदलते तिथूनही प्रतिध्वनी येतो, म्हणून त्याने हातात ड्रॉइंग धरलं होतं आणि प्रत्येक उंचवटा त्याच्याशी ताडून बघत होता. एक काही जुळेना. तो गप्प झाला. मग शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला गेला, पुन्हा ग्रीस, पुन्हा प्रोब. तिकडूनही एक अनोळखी उंचवटा! दोन्ही अंतरांची बेरीज शाफ्टच्या लांबीइतकी भरली. म्हणजे जागा तीच! त्याने खडूने फुली मारली आणि इंजिनिअरसाहेबांना बोलवायला माणूस धाडला. आमच्या घोडेगावच्या बाजारात म्हैस पारखणारा दात बघतो, कास चाचपतो, चालवून बघतो आणि मग गप्प होतो, अगदी तसाच गप्प हा पोरगा झाला होता. माझ्या मते मशीनपेक्षा ही ताडून बघणारी नजर महाग.

बॉयलरच्या नळ्यांची जाडीही अशाच प्रतिध्वनीने, बाहेरून मोजतात. वेल्डिंगच्या आत बघायला गॅमा किरणांचा फोटो काढतात. त्यासाठीचं इरिडियम-192 वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेकडून मिळतं आणि 74 दिवसांत त्याची ताकद निम्मी होते. ते काम रिकाम्या जागेत, माणसं लांब हटवून करतात. मला बघायला मिळालं नाही, अजून चुटपुट आहे.

तुमच्या ओळखीत कारखान्यातलं कोणी असेल तर जून-जुलैत गाठा. आधी परवानगी काढा, जुने कपडे घाला, ग्रीस लागतंच. दिवाळीच्या सुमाराला जाऊ नका. गव्हाणीत मोळी पडली की तुमच्याशी बोलायला तिथे कोणाला सवड नसते.