करंगळीची बाजू

दादाच्या कपाटातल्या औषधाच्या डबीला कुणी हात लावलेला त्याला खपत नाही. सूनबाईने तर मुळीच नाही. तिला दिवस गेले आहेत.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्याच्या कडेशी मण्यासारखी चकचकीत पुळी आली. उष्णतेची असेल म्हणून आम्ही चंदन उगाळीत बसलो! ती निघाली त्वचेच्या कॅन्सरची, आणि तीही शस्त्राच्या आवाक्याबाहेर गेलेली.

औषध हाती देताना डॉक्टरांनी जे सांगितले ते मी अजून घोळवतो आहे. गर्भाला हाताचा अंकुर फुटतो तेव्हा करंगळीच्या बाजूने एक रस पाझरतो. जिकडे तो पुष्कळ, तिकडे करंगळी. जिकडे पोचत नाही, तिकडे अंगठा. या घराण्यातले पहिले जनुक १९८० च्या सुमारास माशीच्या काटेरी अळीमुळे कळले, म्हणून नाव पडले हेजहॉग. पुढे त्याचा लगाम तुटला की दादासारखी गाठ होते. औषध त्या रसाचा हुकूमच अडवते. मग तो पोटातल्या बाळाच्या बोटांसाठी का असेना.

बरे, हा हुकूम आपला एकट्याचा नव्हे. पाकटाच्या भाऊबंदांतल्या एका माशाचे परही त्याच्याच आज्ञेत घडतात, हे २००७ साली दिसून आले. त्याचा आणि आमचा समाईक पूर्वज चाळीस कोटी वर्षांहूनही आधी समुद्रात पोहत होता.

हे मी दादाला सांगितले. "एवढी वर्षे बिनचूक चालले, आणि माझ्यापाशी येऊन बिघडले होय रे?" तो म्हणाला.

तेवढ्यात सूनबाई आत आली. दादाने डबी उचलून खिशात घातली.