पाठीवरचे पाल

सोलापूर ते मंगळवेढा ही वाट सुमारे ५५ किलोमीटरांची. एसटीने दीड तासात माणूस पोहोचतो. पण पावसाळा ओसरला की मी ती पायी चालतो, वाटेत दोन मुक्काम करून. पाठीवर तंबू असे; दांड्या-खुंट्यांसकट चार किलोंचा. यंदा डॉक्टरांनी उजवा गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाले, "चाला खुशाल, पण हमाली नको."

म्हणजे एक तर वाट सोडायची, नाहीतर तंबू. तंबू सोडला. त्याऐवजी नायलॉनची पातळ ताडपत्री आणली. तीन मीटर लांब, तेवढीच रुंद. दोऱ्या, खुंट्या धरून किलोभरसुद्धा नाही. मध्ये काठीचा टेकू दिला की झाले घर! आपल्याकडे याला पाल म्हणतात.

"यंदा पाल घेऊन जाणार आहे," मी घरी जाहीर केले.

"भिंतीवरची न्या," ही म्हणाली. "दोन आहेत."

आषाढात शेगावची पालखी याच रस्त्याने जाते. तिऱ्ह्याला सीना ओलांडली आणि संध्याकाळी कामतीजवळ, मालकाला विचारून, एका शेताच्या कडेला पाल ठोकले. शेजारच्या रानात धनगरांनी मेंढ्या बसवल्या होत्या. त्यांचीही पालेच, बायकापोरे, कोंबड्या, सारा संसार त्यांत. त्यांतले एक म्हातारबाबा माझे नायलॉन चिमटीत धरून बघत राहिले.

"पाव्हणं, वारं कुठनं येतंय?"

मी हात केला. त्यांनी त्या अंगाची कड पार जमिनीला टेकवली, भुसभुशीत काळ्या मातीत खुंट्या तिरप्या मारून वर एकेक धोंडा ठेवला. धोंडा उचलण्याआधी मात्र काठीने उलटून पाहिला. विंचवाला पालाचे दार लागत नाही, कारण दारच नसते! तंबूपुढे पालाची ही बाजू लंगडी आहे, डासांचीही तीच गत. सह्याद्रीच्या भर पावसात मी एवढ्यावर जाणार नाही. पण आमचा मुलूख पर्जन्यछायेचा. आश्विनात इथे पडते ते दव. तंबूत आपल्याच श्वासाचे पाणी होऊन पहाटे कापड आतून ठिबकू लागते. पालाखालून वारा खेळत राहिला आणि सोलापुरी चादर सकाळी कोरडी निघाली. (वाचलेल्या वजनातून पहिली वर्णी तिचीच.)

दुसरा मुक्काम माचणूरला, भीमेच्या काठी. इथल्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. डेऱ्या-तंबूंचे एक शहरच! पुढे ऑक्टोबर १७०० मध्ये सांगोल्याकडच्या खवासपूरला तळ असताना माण नदीला रात्री अचानक लोंढा आला. त्या धांदलीत म्हाताऱ्या बादशहाचा पाय घसरून गुडघा निखळला, तो अखेरपर्यंत नीट झाला नाही. त्याचाही उजवाच. मी पाल नदीपासून बरेच वर, चढावर ठोकले.

रात्री चार थेंब आले. पडल्यापडल्या काठी काढून पाल बुटके केले आणि पुन्हा झोपलो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मंगळवेढ्यात होतो. चोखोबांच्या नावाने डोके टेकवले. वाकताना गुडघा बोलला, पण ओरडला नाही. स्टँडवर सोलापूरची गाडी उभी होती. पंढरपूर तिथून पंचवीसेक किलोमीटर. मी चहा घेतला आणि उशिरा येतो म्हणून घरी फोन केला.